पान दोनशे बारा

"डाग आहेत, दुसरं घे," मुजावर मॅडम म्हणाल्या.
मी तेच घेतलं.
पानापानाच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा.
हळद. म्हणजे सांगलीच्या यार्डातलाच कुणी,
पोती शिवता शिवता वाचणारा.

उडत्या घोड्यापाशी तो रेंगाळलाय.
शापाच्या ओळीवर दोन बोटं, दाबून.
दोनशे बाराव्या पानावर
चेटकिणीची पोर दरीत कोसळते
आणि पुढची सगळी पानं स्वच्छ.

उद्या अकरावीची केमिस्ट्री होती.
तरी टोक काढून, अगदी बारीक लिहिलं:
"मरत नाही रे ती. पान उलट."

दिवाळीनंतर पुस्तक पुन्हा काढलं.
माझ्या अक्षरांवर पिवळा ठिपका.
मग दोनशे तेरा, चौदा...
शेवटी, 'समाप्त'च्या खाली,
आख्खा पंजा.