मणी

बाटली हलवली.
मणी वर आले, आणि लगेच विझले.
पाणी आहे हिच्यात.

गेल्या एप्रिलात मीच शिकवलं गौरीशला,
भट्टीपाशी बसून:
मणी टिकले तर फेणी चोख,
फुटले तर कुणीतरी हात मारलाय.
"न पिता कळतं?"
न पिताच कळतं, म्हणालो.

तेव्हा पंधराचा होता. आता सोळा.
बोंडं तुडवतो, लाकडं ओढतो,
वाळपईच्या गिऱ्हाइकाला कॅन पोचवतो;
अकरावीची फी याच वासातून निघते.
त्याची आई म्हणते, घरीच घोटभर द्या,
म्हणजे बाहेर जायचा नाही.
भाऊ माझा सांगायचा,
मी तर घरीच शिकलो, बापाच्या मांडीवर.
भावाचा फोटो याच कपाटावर आहे,
हार बदलायचा राहिलाय.

गौरीश अभ्यासाला बसलाय, मान खाली,
पान काही उलटत नाही.
शिकवलेलं विसरला,
की मला कळावं म्हणूनच?

उद्या भाण चढवताना विचारीन,
पाणी किती घातलंस?
दुसरा प्रश्न
अजून जिभेवर येत नाही.