बाटली क्रमांक सत्तेचाळीस

डोळ्याच्या कडेला कागदाची पट्टी अडकवून
पाच मिनिटं बसवलं मला.
साखर पेठेत नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं,
तसाच वाट बघत बसलो.
पट्टी भिजली चार मिलिमीटर.
"दहाच्या वर हवी," कलशेट्टी मॅडम म्हणाल्या.
म्हटलं, चाळीस वर्षं माग चालवतोय,
रडायला सुट्टी कुठं मिळाली?
त्या हसल्या नाहीत. आकडा लिहिला.

मग पिवळा थेंब, निळा दिवा.
"पापणी लववू नका." आणि मोजणी,
एक, दोन, तीन...
फुटला म्हणाल्या, पाण्याचा पडदा.
मागावर धागा तुटला की पिन पडते,
माग आपोआप थांबतो,
गाठ मारायची, पुन्हा चालू.
डोळ्याला तशी पिन नाही.
तुटक्या पडद्यातूनच बघत राहतो तो
रात्रपाळीभर, टॉवेलाच्या उडत्या कापसात.

सहीचा कागद वाचून दाखवला.
बाटलीत औषध असेल, नाहीतर नुसतं मिठाचं पाणी.
कुणाला काय, ते कळणार नाही.
"तुम्हाला तरी?"
"मलाही नाही."
हे आवडलं मला.
इतकं शिकलेलं माणूस
पहिल्यांदाच माझ्याएवढं अडाणी होऊन
समोर बसलं होतं.

दिवसातून चार वेळा, बारा आठवडे.
वहीत खूण करायची.
बाटली परत आणायची, रिकामी झाली तरी.

वहीत नाही ते असं:
भूदेवी विड्या वळते.
तंबाखूच्या धुळीनं तिचे डोळे माझ्याहून लाल.
तिला घेतलं नाही चाचणीत,
झोपेची गोळी खाते म्हणून.
बोलली काहीच नाही. सूप घेऊन उंबऱ्यात बसली.
त्या रात्री म्हटलं, मान मागं कर.
"कशाला?"
कर की.
खालची पापणी बोटानं ओढली, थेंब सोडला.
आमच्या घरच्या बोलीत आसवांना कन्नीळ्ळु म्हणतात,
डोळ्याचं पाणी.
ते तिच्या कानापर्यंत ओघळलं.
"गार हाय," म्हणाली.
किती वर्षांनी इतक्या जवळून बघितलं तिला,
म्हणजे बघितलं म्हणायचं,
मला नीट दिसत कुठं होतं!

मॅडमनी बाटली उजेडात धरली.
"लवकर संपली?"
हात कापतो, थेंब खाली पडतात.
तेही त्यांनी लिहून घेतलं, माझं खोटं,
निळ्या शाईत.

बाराव्या आठवड्यात माझी पट्टी: पाच.
चाराचे पाच.
एवढ्यासाठी सहा वेळा रिक्षाचे पैसे दिले बिचाऱ्यांनी.
औषध होतं की मीठ,
ते पुण्यातल्या कुठल्याशा पाकिटात बंद आहे.
फोडतील तेव्हा सत्तेचाळीसपुढं
माझा एकट्याचा आकडा असेल.

आज सकाळी ती कात्रीनं पानं कापत होती.
खाली मान, डोळा उघडा.
मी चहा घेता घेता मोजत होतो,
एक, दोन, तीन,
चार, पाच,
सहा...
"काय पुटपुटतोस?" म्हणाली.
आणि पापणी लवली.