तिसऱ्या मजल्यावरची नदी

रात्री पावणेदोनला फोन.
चावी मिळाली, पण फिरत नाही, म्हणाली.
मी विचारलं, कुठलं दार?
पत्ता ऐकला आणि झोप पार उडाली.

आमच्या मिरागायात पायऱ्याच पायऱ्या.
उन्हाळाभर त्यांवरून चाकांच्या बॅगा खडखडत उतरतात,
आणि आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या ओळखतो:
दोन बॅगा, एक मूल, आत्ताच भांडलेली नवरा-बायको.
आज एकच बॅग. आणि मधेच थांबलेली.

ब्लांका तिचं नाव, ब्रनोहून आलेली.
मांडीवर पोर, पोरीच्या एकाच पायात बूट.
तिनं फोन पुढे केला: पैसे भरल्याची पावती, चार रात्री,
घरमालक रिकार्दू, दाढी विंचरून हसणारा.
दुपारपर्यंत त्याचे निरोप येत होते.
स्वागत आहे. चावी डब्यात. पाव कोपऱ्यावर घ्या, ताजा असतो.
पावाचं तेवढं खरं होतं.

भिंतीवर चावीचे नऊ डबे, गोगलगायींसारखे चिकटलेले.
तिचा डबा आकडा दाबताच उघडला होता.
आतली चावी मी टॉर्चखाली धरली.
कुठल्यातरी टपालपेटीची.

घराचे फोटो दाखव, म्हटलं.

स्वयंपाकघर. निळ्या फरशा.
तिसऱ्या ओळीत एक उलटी बसलेली.
ती फरशी मी ओळखतो.
दोना इदालिनाच्या नवऱ्यानं घाईत बसवली
आणि मरेपर्यंत तिचे टोमणे खाल्ले.
त्या ओट्याशी बसून मी कोबीचं सूप प्यालोय,
कुलपात तेल सोडायची मजुरी म्हणून.

आणि खिडकीत नदी!
तिसऱ्या मजल्याला नदी नाही. कधीच नव्हती.
तिथून दिसतात समोरच्यांचे वाळत घातलेले पायजमे
आणि एक आंधळी भिंत.
कुणीतरी दोरू उचलून आणली होती पुलासकट,
आणि पडद्याच्या कडेनं नीट कातरून बसवली होती.

गेल्या मार्चमध्ये मालकाचा माणूस आला.
कागद होता, कागदावर शिक्का होता.
मी कुलूप बदललं. अकरा मिनिटं लागली.
इदालिना प्रेशर कुकर कडेवर घेऊन जिन्यात उभी.
म्हणाली, आर्मिंदू, नवं कुलूप चांगलं आहे ना रे?
मी म्हणालो, सगळ्यात चांगलं.
तेव्हापासून आत कुणी नाही.
दुरुस्ती चालू आहे म्हणतात.

तुम्हाला उघडता येईल ना? ब्लांकानं विचारलं.
मी पैसे भरलेत.
येईल की. माझंच कुलूप.
पण पावतीवर दार उघडत नाही, बाई.
इदालिनाकडे एकोणचाळीस वर्षांच्या होत्या,
बिस्किटांच्या डब्यात, महिन्यांप्रमाणे लावलेल्या.

तळमजल्याची सेलेश्ती
पाहुण्यांच्या नावानं रोज रात्री खडे फोडते.
खिडकीला तिनं चादर टांगलीय: इथे अजून माणसं राहतात.
तिचंच दार ठोठावलं.
तिनं मला शिव्या घातल्या, बॅगेला घातल्या,
रिकार्दूच्या सात पिढ्यांना घातल्या,
आणि मग पोरीचा उघडा पाय दिसला.
सोफ्यावरचं मांजर हुसकलं.

पोर झोपल्यावर सेलेश्तीनं फोन मागून घेतला.
नदीकडे बघितलंही नाही.
दोन बोटांनी फोटो मोठा करत करत
फरशीपाशी थांबली.
अजून उलटीच, म्हणाली,
आणि फोन परत द्यायला जरा वेळ लावला.

किती झाले, ब्लांकानं पाकीट काढलं.
काही नाही, म्हणालो. दार कुठे उघडलंय?
सेलेश्ती माझ्याकडे बघत होती.
मार्चमधले मी घेतले होते, रोख, हे तिला ठाऊक होतं.

ती चावी माझ्याकडेच राहिली.
येता-जाता टपालपेट्यांना लावून बघतो.