दीड तासाची जमीन

दुसऱ्या वर्षाचा स्टुडिओ. नगररचना.
वाट्याला आला गंगावेशीपासून घाटापर्यंतचा तुकडा,
एकास पाचशे.
यास्मिन मुजावर टेपचं टोक धरून उभी,
मी मागं मागं सरकत आकडे ओरडते
आणि मोपेडवरून कुणीतरी विचारतं,
"रस्ता मोठा करालाईसा व्हय? कुणाचं घर जातंय?"

घरं जात नाहीत, काका. मार्क जातात.

पिवळं म्हणजे राहणं, निळं म्हणजे दुकान,
हिरवं म्हणजे जिथं अजून कुणी पोचलं नाही.
रात्री खोलीवर आम्ही शहर रंगवतो,
रेषेबाहेर न जाता.

अडलं ते दूधकट्ट्यापाशी.
दुपारी चारला तिथं काही नसतं:
'सव्वाचार मीटर, मोकळा', असं मी लिहिलं.
सहाला हिंदुराव गवळ्यांच्या म्हशी येतात,
रस्ता आपल्या बापाचा असल्यासारख्या.
धार थेट ग्लासात. फेस मिशीला.
तालमीतली पोरं, एक बँकवाला,
मुलगी बघायला आलेले दोन पाहुणे.
साडेसातला पुन्हा काही नाही.
ओलं शेण, खुरांचे ठसे,
आणि माझ्या वहीत खोडलेलं 'मोकळा'.

"म्हशीचं माप घेतलंस का न्हाई, पोरी?"
मी हसते. मग खरंच टेप लावते.
पुस्तकात मोटारीचं माप आहे, अडीच बाय पाच.
झाडाच्या आळ्याचं आहे. चाकाच्या खुर्चीचं आहे.
म्हैस शेपटी हलवते, आकडा चुकतो.

ज्युरीत घोरपडे मॅडमनी
तपकिरी डागावर बोट ठेवलं. "हा कुठला वापर?"
"दीड तासाचा, मॅडम."
पुण्याहून आलेले सर म्हणाले, सूचीत असा रंग नाही.
मग चष्मा पुसत, सहज:
"पुरात कुठं बांधतात त्या?"
यास्मिननं माझ्याकडं पाहिलं.
पूररेषा मीच ओढली होती,
पॉइंट तीनच्या पेनानं, कट्ट्यावरूनच,
आणि हात जराही थांबला नव्हता.

ते विचारायला आज परत आले.
शीट जमा झालंय, मार्क लागलेत, काही बदलायचं नाही.
हिंदुराव मान वर न करता सांगतात,
"पाणी दिसायच्या आधी म्हशीच दावं वडत्यात.
तवा सोडायचं. नकाशा न्हाई बघत कोण.
आन् कुठं जायचं, ते दरसाली येगळं."

दरसाली वेगळं.
हे कुठल्या शीटवर लिहायचं?

"बस की. ग्लास धर."
वही बगलेत घेते. ग्लास कोमट,
म्हशीइतकाच.