चार एक्स

हवल्लीत, तळघरातल्या त्या दुकानात
बाणकोटचे मुअज्जम चौगुले
कोरी डिस्क आधी ट्यूबलाइटसमोर धरायचे.
आरपार ट्यूब दिसली की म्हणायचे, "पातळ,"
आणि बाजूला सारायचे,
कल्ला उचलून पाहिल्यावर सारावी तशी सुरमई.

पन्नासाची चवड दीड दिनारला.
तिच्यातल्या आठ-दहा अशाच जायच्या.
अबू वायल, मालक, वरून ओरडायचा,
"हिंदी, तू डिस्क विकतोस की लग्न जमवतोस?"

जांभळी पाठ हवी, निळसर नको.
कड बोटाने चाचपायची, खरखर लागली तर नाही.
वर पेनाने काही लिहायचं नाही,
शाईतलं स्पिरिट आत मुरतं.
लिहायचंच असेल तर मधल्या पारदर्शक कड्यावर,
मुंगीएवढं.

आणि वेग चार.
पाकिटावर सोळा छापलेलं असू दे.
"सोळा हा कंपनीचा आकडा," ते म्हणायचे,
"चार आपला."

चारने पंधरा मिनिटं लागतात.
तेवढा वेळ टेबलाला हात लावायचा नाही,
ड्रॉवर ओढायचा नाही,
दुसऱ्या खिडकीत पत्ते खेळायचे नाहीत.
मी नवा होतो, गुहागरहून येऊन चार महिने झालेले,
मला ती पंधरा मिनिटं पाण्याखाली धरल्यासारखी वाटायची.
ते मात्र गोळीबंद बसायचे,
चहाचा कागदी कप मांडीवर,
मशीनची घरघर ऐकत.
तिच्यात जरा चढउतार झाला तर भुवई हलायची.

एका शुक्रवारी ते नमाजला गेलेले.
मिशारी नावाचा मुलगा आला, बारा-तेराचा.
धाकट्या भावाने त्याची एक गेम
संगमरवरी फरशीवरून सरकवून सरकवून पांढरी केली होती,
आता दुसरीची प्रत हवी होती, तिचीही तीच गत होण्याआधी.
वर रस्त्यावर बापाने हॉर्नवर हात ठेवलेला.
मी बाजूला सारलेल्यातलीच एक उचलली.
सोळा.
सहा मिनिटांत खटकन ट्रे बाहेर.
स्वतःवरच खूश होतो मी.

रविवारी तो परत आला.
पहिला टप्पा ठीक, दुसरा ठीक,
तिसऱ्यात पूल ओलांडायच्या आधी
वर्तुळ फिरत राहतं, फिरतच राहतं.
चौगुल्यांनी डिस्क कलती करून बघितली.
"आतून बाहेर जळत जाते ही," मला म्हणाले,
"कडेला पोचेस्तोवर धाप लागते.
घाई आधी दिसत नाही, बाबा. शेवटाला दिसते."
एवढंच.
निडोच्या रिकाम्या डब्यातून स्वतःच्या ठेवणीतली काढली,
चार लावला,
आणि मिशारीला स्टुलावर बसवून लिंबाची गोळी दिली.
पंधरा मिनिटं तिघेही गप्प.
हॉर्न वाजत होता.

मग डिस्कच गेल्या.
गेम तारेतून उतरायला लागल्या,
अबू वायलने खाली अत्तराचं गोदाम केलं,
चौगुल्यांचा अकामा संपला तो पुन्हा लागला नाही.
निघताना त्यांनी निडोचा डबा मला दिला.
आत उंदराने कुरतडावी तशी गंजाची नक्षी,
आणि एकच डिस्क,
कड्यावर मुंगीएवढं लिहिलेलं: बंद केलेली नाही.

मी आता फहाहीलला मोबाइलच्या काचा बदलतो.
आमच्या दुकानात कुठल्याच मशीनला ट्रे नाही.
तिच्यावर काय आहे ते मी पाहिलेलं नाही.
कधीतरी रात्री, शटर अर्धं ओढल्यावर, ती कलती धरतो,
जळालेला भाग किंचित गडद दिसतो,
मधून बोटभर,
तिथे एक बारीक रेघ, आणि पुढे सगळी जांभळी कोरी जागा.
बाणकोटला एकदा फोन केला होता. मुलगी म्हणाली,
अब्बा झोपलेत, सावकाश उठतात.
बरं म्हटलं.

मग ती ट्यूबलाइटसमोर धरतो.
ट्यूब दिसत नाही.