ताडपत्री

कुडचड्याला कायतानच्या भंगारात मिळाला
लग्नाच्या सीड्या भरणारा जुना रायटर,
दीडशे रुपयांना.
त्याच्या पोटात तांदळाच्या कणीएवढा डायोड.
अंगातल्या विजेनंही मरतो.
पहिला मेलाच.
दुसरा मी मनगटाला तार बांधून,
श्वास धरून सोल्डर केला.

मोडक्या नळाचं पितळ कापून बसवलं
उष्णता ओढायला,
बाहेरून टॉर्चची नळी.
करंट वाढवत दोनशेपर्यंत नेला, मिलिअँप.
तिथं थांबलो. लोभ नको.

रात्री अंगणात बटण दाबलं.
माडाच्या बुंध्यावर लाल ठिपका.
ठिपकाच फक्त.
सुकांती म्हणाली,
"मध्येच तुटला मरे तुझा उजेड!"

तुटत नाही गं, मी म्हटलं,
वाटेतला उजेड दिसायला
वाटेत धूळ लागते.
आणि धूळ आता कुठली?
खाण बंद झाल्यापासून
पानं हिरवी, दोरीवरचे सदरे पांढरे,
ट्रकच्या चाकांवर कारल्याचा वेल.

ती उठली.
बाबांच्या ट्रकवरची ताडपत्री
घडीसकट ओढत आणली
आणि दोन्ही हातांनी झटकली.

उठली तांबडी धूळ,
आणि तिच्यातून रेघ,
गवंड्यानं गेरूत बुडवून ताणलेल्या दोरीसारखी,
माझ्या मुठीपासून थेट माडापर्यंत.
आम्ही दोघंही बोललो नाही.
तिनं परत झटकली.

आत आईनं
न विचारता, न बघता
खिडक्या लावून घेतल्या,
पाण्याच्या कळशीवर ताट झाकलं,
पूर्वीसारखं.