आवक-जावक

डिसेंबर उजाडला की हरेश्वर तांडेल
कुंडी कडेवर घेऊन येतो ससून डॉकला.
मी रजिस्टरात लिहिते:
पापलेट, बारा पेट्या. सुरमई, नऊ.
त्याखाली, मालकाला दिसेल न दिसेल असं,
मेपल, एक.

कुलाब्याच्या कोणा बाईंनी
बदली होऊन जाताना सोपवलं त्याच्याकडे,
"याला थंडी लागते" एवढंच सांगून.
किती, ते विचारायचं राहून गेलं.

पहिली दोन वर्षं झोपलंच नाही ते.
खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपल्या,
तरी टक्क जागं,
रात्रपाळीच्या माणसासारखं.

आता चार अंशांच्या खोलीत
गोणपाटात गुंडाळून सत्तर रात्री.
हरेश्वर दर रविवारी माती चाचपतो,
ओल हवी, चिखल नको,
आणि दार लावताना कडीचा आवाज होऊ देत नाही.

फेब्रुवारीत बाहेर काढलं. नुसत्या काटक्या.
"मेलंय गो ते," जानकीबाय मला म्हणाली.
त्याने नखाने साल जराशी खरवडली:
खाली हिरवं.

मी जावक लिहिली.

मार्चात पहिलं लाल पान उलगडलं, तेव्हाही
मासळीचा वास गेला नव्हता.
धक्क्यावरचं बोकं
कुंडीभोवती घिरट्या घालत होतं.